३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपचं काय करायचं यावर तुमच्या पुरवणीत बरंच येऊन गेलं, चांगलं होतं, पण गाडी लिनक्सच्या पुढे काही गेली नाही. मी हायकू वापरतो, म्हणजे कविता नव्हे, विंडोज-लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम. २००१ मधे बीओएस (BeOS) नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवाली कंपनी पाम या कंपनीने घेतली आणि ती सिस्टीम बंद पडायला आली, तेव्हा तिच्यावर जीव असलेल्या लोकांनी ती नव्याने लिहायला घेतली, तीच ही. बहुतांशी स्वयंसेवक आणि देणग्यांवर चाललंय, पाचवा बीटा (चाचणीची आवृत्ती) सप्टेंबर २०२४ ला आला.

वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्यात, त्या आणि घरचे फोटो सगळं एका ३ टीबीच्या डिस्कवर. ती एका जुन्या यूएसबी केसमधे (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घालून लावली तर साइज दिसली ७४६ जीबी आणि पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांचा, पत्ताच नाही. काळजात धस्स झालं. राग अर्थातच हायकूवर आला.

मग हिशोब केला. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरमधे, म्हणजे छोट्या तुकड्यांत, मोजतात आणि जुन्या पद्धतीत सेक्टरचा नंबर ३२ बिटांत बसवायचा असतो, म्हणजे साधारण ४२९ कोटींच्या पुढे नंबरच नाही, त्याचे होतात २.२ टीबी. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावरून सुरू होतो ना, तसंच. ३ मधून २.२ गेले की उरतात दुकानाच्या हिशोबाने (हजाराच्या पटीत) ८०० जीबी आणि कॉम्प्युटरच्या हिशोबाने (१०२४ च्या पटीत) ७४६. तीच डिस्क नव्या केसमधे घातली, पूर्ण दिसली, फोटोसकट. म्हणजे घोळ केसमधल्या चिपचा होता, हायकूचा नाही.

पण ड्रायव्हर (सिस्टीमच्या वतीने डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला हे सगळं धरूनच लिहावं लागतं हो. मोठ्या डिस्कला साइज विचारली की ती ३२ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा पाठवते, त्याचा अर्थ असा की इथे मावत नाही, मोठ्या कमांडने विचार. ड्रायव्हरला हे कळलं नाही आणि त्याने नेहमीसारखा त्यात एक मिळवला (डिस्क शेवटच्या सेक्टरचा नंबर सांगते आणि नंबर शून्यापासून असतात, म्हणून) की साइज थेट शून्य. बरं सगळ्यांनाच मोठ्या कमांडने विचारावं तर काही स्वस्तातल्या केस ती कमांड आली की हँग होतात. त्यामुळे आधी जुनी, मग लागली तरच नवी. आणि डिस्कवर डेटा लिहिताना सेक्टरचा नंबर कापला गेला तर त्याहून वाईट, २.२ टीबीच्या पुढचा डेटा डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतो, पार्टिशन टेबलवरच, म्हणजे कप्प्यांच्या यादीवरच. हायकूची स्वतःची बीएफएस फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ६४ बिटांची आहे, तिला मोठ्या डिस्कचं काही वाटत नाही, अडलंच तर ते मधे यूएसबीपाशी.

असा कोड घरी बसून लिहिता येतो पण तपासायला डिस्क लागते, केस लागते, तीही वेगवेगळ्या चिपची. मोठ्या कंपनीकडे खोलीभर सामान असतं, इथे ज्याच्या टेबलावर जे पडलंय तेवढंच. म्हणून माझी विनंती आहे की तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर एकदा यावर लिहा. घरात मोठी डिस्क असेल तर लावून बघा (आतला डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा, प्लीज), आणि गडबड झाली तर नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. डिस्क केवढी, केसमधली चिप कुठली, आकडा किती दिसला आणि सिसलॉग फाइल (सिस्टीम आपल्या घडामोडींची नोंद ठेवते ती), एवढं हायकूवाल्यांना कळवा. आकड्यावरूनच निम्मं निदान होतं. इंजिनिअरिंगच्या सरांनीही मुलांना तेच ते लायब्ररी मॅनेजमेंटचे प्रोजेक्ट देण्यापेक्षा हे द्यावं, हायकू २००७ पासून बऱ्याचदा गुगल समर ऑफ कोडमधे (ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करणाऱ्या नवख्यांना मानधन देणारी गुगलची योजना) असते, आपल्या मुलांना जमण्यासारखं आहे.

ती जुनी केस मी टाकलेली नाही. कोणाला टेस्टिंगला हवी असेल तर पोस्टाने पाठवतो.

आपला नियमित वाचक,
सांगली