ब्रेकर चालवणाऱ्या हातांची तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीची कामे उरकण्यासाठी सध्या शहरात जागोजागी रस्ते खोदले जात आहेत आणि धोकादायक फांद्या छाटल्या जात आहेत. या कामांमुळे होणारी धूळ, आवाज आणि वाहतूक कोंडी यांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लिहिले जाते, ते योग्यच आहे. मात्र दिवसभर रस्ता फोडणारा ब्रेकर किंवा चेनसॉ (फांद्या कापण्याची यांत्रिक करवत) धरणाऱ्या कामगाराच्या हातांचे पुढे काय होते, याविषयी माझ्या वाचनात फारसे आलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ब्रेकर, ग्राइंडर, चेनसॉ, गवत कापण्याचा ब्रश कटर, माती दाबण्याचा रॅमर या यंत्रांची कंपने मुठीतून थेट तळहातात आणि मनगटात शिरतात. वर्षानुवर्षे ती सोसली की बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब होत जातात. सुरुवातीला काम थांबल्यावर थोडा वेळ हाताला मुंग्या येतात, पुढे त्या रात्री झोपेतून उठवू लागतात आणि कालांतराने बोटांना बारीक वस्तू कळेनाशा होऊन पकड सैल पडते. थंडीत बोटे पांढरीफटक पडणे हे या विकाराचे सर्वांत परिचित लक्षण आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांची पाहणी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये केली होती, म्हणजे यंत्राचा आणि या विकाराचा संबंध शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पुढे जपानमध्ये चेनसॉ वापरणाऱ्या वनकामगारांत तो मोठ्या प्रमाणावर आढळला. ब्रिटनने 1985 मध्ये त्याला भरपाईस पात्र व्यावसायिक रोग मानले आणि तेथील कोळसा खाणींतल्या लाखाहून अधिक कामगारांनी नंतर भरपाईचे दावे केले.

आपल्याकडे हा विकार नजरेआड राहतो, याचे एक कारण आपले हवामान आहे. उष्ण प्रदेशांतील कामगारांवर झालेल्या अभ्यासांत बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण कमी, पण बधिरपणा आणि मुंग्या येण्याचे प्रमाण लक्षणीय आढळले आहे. बोटे पांढरी पडली, तर निदान घरच्यांच्या तरी ते लक्षात येईल. बधिरपणा ज्याचा त्यालाच माहीत असतो आणि तो सांगितला तरी मधुमेह, अशक्तपणा किंवा वय यांच्या खात्यावर सहज जमा होतो.

रस्त्यांच्या कामांवर देखरेख करण्यात माझी सारी नोकरी सरली. तेव्हाचा एक ब्रेकरवाला मला आजही आठवतो. कातळ लागला की मुकादम त्यालाच बोलावी आणि तो ब्रेकरच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, पोटाचा भार देऊन छिन्नी रेटत असे. दुपारच्या सुट्टीत चुन्याची डबी त्याच्या बोटांत टिकत नसे, तेव्हा शेजारचा साथीदार तंबाखूला चुना लावून द्यायचा. बटणे लावणे जमत नाही म्हणून त्याने शर्ट घालणेच सोडले होते. डॉक्टरांनी त्याला अनेकदा ताकदीची इंजेक्शने दिली, पण तो कोणते यंत्र चालवतो आणि दिवसातून किती वेळ चालवतो, हे त्याला कोणी विचारले नाही. (तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे अशा कामगाराने ती सोडणे हिताचेच आहे, तथापि ते कारण पुढे करून यंत्राला मोकळे सोडणे न्यायाचे नाही.)

युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार 8 तासांच्या कामाच्या हिशेबाने कंपनाची पातळी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग (कंपनाची तीव्रता मोजण्याचे एकक) झाली की मालकाने उपाय योजणे बंधनकारक होते आणि 5 ही कमाल मर्यादा आहे. ज्या यंत्राचे कंपन 10 आहे, त्याच्या बाबतीत पहिली पातळी अर्ध्या तासात आणि कमाल मर्यादा 2 तासांत गाठली जाते. कंपन दुप्पट झाले, तर हा वेळ निम्मा नव्हे, एक-चतुर्थांश होतो. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरचे कंपन 10 च्या वर जाणे मुळीच दुर्मीळ नाही. जिथे खोदाईची मजुरी मीटरवर ठरते, तिथे कामगार स्वतःहून यंत्र खाली ठेवील, ही अपेक्षा करता येत नाही.

कंपनरोधी म्हणून विकले जाणारे हातमोजे दिले की काम भागले, असा समज अनेक ठेकेदारांचा असतो. ब्रेकरसारख्या यंत्रांची कंपने कमी वारंवारतेची असतात आणि ती हे मोजे फारशी अडवत नाहीत. त्यांनी हात कोरडे आणि उबदार राहतात, एवढाच उपयोग. खरा फरक पडतो तो छिन्नीला वेळेवर धार लावल्याने, ग्राइंडरची झिजलेली चकती बदलल्याने, स्प्रिंगची मूठ असलेली नवी यंत्रे घेतल्याने आणि दोन-तीन माणसांनी पाळीपाळीने यंत्र चालवल्याने. पाळीसाठी जास्तीचा माणूस लागतो आणि त्याची रोजची मजुरी अंदाजपत्रकात धरलेली नसते, हीच मुख्य अडचण आहे. पालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी तो खर्च निविदेतच धरावा आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेला कंपनाचा आकडा ठेकेदाराकडून मागून घ्यावा.

कायद्यातील उणीवही मोठी आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रम संहितेने ज्याची जागा घेतली, त्या कारखाना अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवण्यायोग्य 29 रोगांची यादी होती; तीत आवाजामुळे येणारे बहिरेपण होते, पण कंपनाने होणारा विकार नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यावसायिक रोगांच्या 2010 च्या यादीत तो स्पष्टपणे नमूद आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत आवाज आणि कंपन या दोन्हींपासून संरक्षण देण्यास सांगितले होते, परंतु मर्यादा घालून दिली होती ती फक्त आवाजाला. त्यामुळे ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांचा हातच निकामी झाला तरी तो कामामुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच पडतो.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगारांच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर हातांचीही तपासणी व्हावी, अशी माझी विनंती आहे. दररोज किती तास कोणते यंत्र चालवता, रात्री मुंग्या येतात का, बटणे लावता येतात का, हे तीन प्रश्न आणि पकड मोजण्याचे साधे उपकरण एवढ्यावर प्राथमिक चाळणी होऊ शकते. सुरुवातीच्या टप्प्यात यंत्र सोडल्यास बराच त्रास कमी होतो, मात्र मज्जातंतूंची हानी एका मर्यादेपलीकडे गेली की ती भरून येत नाही. म्हणून ही तपासणी लवकर आणि दरवर्षी होणे आवश्यक आहे. मंडळाला हे पुढच्या शिबिरापासून सुरू करता येईल, त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, नाशिक