बॅकअप आहे म्हणता, पण उघडून बघितलाय का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

सायबर हल्ला म्हटलं की आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं नाव निघतं, ऑगस्ट २०१८, ९४ कोटी, आणि ते ऐकून छोटा कारखानदार किंवा संस्थेचा चेअरमन हमखास म्हणतो की आपल्याकडे काय आहे न्यायला. मी इचलकरंजीत छोट्या कारखानदारांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं बघतो, आणि ह्या एका वाक्यामुळे किती नुकसान होतं ते समोर बघितलंय, म्हणून हे पत्र.

एका यंत्रमागवाल्याच्या ऑफिसात सकाळी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेना. फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींच्या नावापुढे कसलंतरी विचित्र शेपूट लागलेलं आणि एक चिठ्ठी, डेटा पाहिजे असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बॅकअप होता हो, रोज घेतला जायचा, पण ती हार्ड डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेली त्यामुळे तीही लॉक झाली. विंडोज क्रॅकवालं, म्हणजे परवाना न घेता फुकट टाकलेलं, आणि क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करायला लावतात तो परत कोणी चालू केलेलाच नव्हता.

आता लोकांना वाटतं जीएसटी पोर्टलवर सगळं असतंच की. विक्रीची बिलं मिळाली आपण भरलेल्या जीएसटीआर-१ ह्या विक्रीच्या रिटर्नमधून, खरेदी पोर्टलवरच्या जीएसटीआर-टू-बी ह्या खरेदीच्या यादीमधून, तिथपर्यंत ठीक. पण आपला धंदा चालतो उधारीवर. कुठल्या पार्टीने कुठल्या बिलापोटी किती दिले, किती सूट धरली, कुणाचा चेक परत आला, हे पोर्टलवर कुठून असणार? बँक स्टेटमेंटवर नुसता आरटीजीएसचा ठोक आकडा दिसतो. ज्यांचं आपण देणं लागत होतो त्यांचे फोन लगेच आले, आणि ज्यांच्याकडून येणं होतं ते म्हणायला लागले की तुमचा खातेउतारा पाठवा मग बघू. चोराने काही नेलं नव्हतं, येणी मात्र अडकली.

आणि दुसऱ्याच्या ढिलाईचा फटकाही आपल्यालाच बसतो. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या बँकांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे वर सांगितला तसाच डेटा लॉक करून पैसे मागण्याचा, हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांची यूपीआय, एटीएमची कामं अडली, त्या बँकांनी स्वतः काही केलं नसताना. मग आपल्या गावातली पतसंस्था, दूध संस्था, सोसायटी ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घेते त्याला कधी कोणी विचारतं का की आमचा डेटा कुठे ठेवता, आणि तुमचा माणूस एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरवरून, कधी पण आत येतो तो पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर, मॅनेजर आणि हार्डवेअरवाला तिघांचा पासवर्ड एकच, आणि तो मॉनिटरवर चिकटवलेला!

नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था मात्र सहकार खात्याखाली, त्यांना हे विचारणारं कोण? सहकार कायदा १९६० च्या कलम ८१ प्रमाणे दरवर्षी ऑडिट होतं, ऑडिटर रोकड मोजतो, सोनेतारणाची पाकिटं तपासतो, पण ज्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या सभासदांच्या ठेवी लिहिलेल्या आहेत त्याचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा असं म्हणताना मी अजून कुणाला बघितलं नाही. माझी मागणी एवढीच आहे की ऑडिट अहवालात हा प्रश्न घालावा, तारखेसकट. खर्च काही फार नाही, दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरायच्या, एक कायम ऑफिसबाहेर, आणि महिन्यातून एकदा डेटा खरंच उघडतोय का ते बघायचं.

व्यापारी संघटनांनीही आपल्या मेंबरांना दोन गोष्टी घोकून सांगाव्यात. पार्टीचा मेल आला की आमचं बँक खातं बदललंय तर आधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, कारण खोट्या मेल आयडीत एखादंच अक्षर वेगळं असतं आणि घाईत ते दिसत नाही. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता तेवढ्यातच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि मग ती थांबवणं अवघड. चेअरमनला विचारून सांगतो, उद्या बघू, ह्यातच पैसे जातात.

३० सप्टेंबरच्या आत संस्थांच्या वार्षिक सभा होतात. सभासदांनी लाभांशाबरोबर शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आणि तो कोणी उघडून बघितला हेही विचारावं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.

आपला नियमित वाचक,
इचलकरंजी