सूचना : जॅमिंगमध्ये ड्रम सिक्वेन्सर वापरण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, यापुढे प्रत्येक जॅममध्ये (एकत्र उत्स्फूर्त वादनात) एकच सिक्वेन्सर (ठोक्यांचा क्रम आपोआप वाजवणारे यंत्र) मुख्य क्लॉक (लय जुळवणारा संकेत) देईल आणि बाकीची यंत्रे बाह्य क्लॉकवर ठेवावीत. मिडी (वाद्ययंत्रे एकमेकांना जोडण्याची प्रमाण पद्धत) क्लॉक एका मात्रेला २४ स्पंद पाठवते, तर काही छोट्या यंत्रांचा सिंक जॅक (क्लॉकची तार जोडण्याची जागा) २च स्पंद देतो. ही जुळणी आधी तपासली नाही, तर ताल पार विस्कटतो. स्विंगचे (काही ठोके किंचित उशिरा वाजवून आणलेल्या झोक्याचे) प्रमाण क्लॉकसोबत सहसा जात नाही, म्हणून ते प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर सारखे लावावे.

१९८० च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनने रूढ केलेल्या १६ स्टेप्सच्या (ठोके ठेवण्याच्या समान जागांच्या) रांगेत किक (मोठ्या ड्रमचा ठोका) १, ५, ९, १३ वर आणि क्लॅप (टाळीचा आवाज) ५ व १३ वर ठेवून सुरुवात करावी. हाय-हॅट (झांजेचा आवाज) लगेच सोळाही स्टेप्सवर भरू नये. ३, ७, ११, १५ एवढ्या चार जागा दिल्या तरी ठेका उचलला जातो आणि बेस वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पॅटर्न (ठोक्यांची मांडणी) बदलण्यापूर्वी इतरांना खूण करावी. तयार केलेला पॅटर्न यंत्र बंद करण्याआधी सेव्ह करावा.