सुध्या, मी ब्रेक मारला

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

गणपतीत तुझा व्हॉइस मेसेज आला होता, त्याला दिवाळी उलटल्यावर उत्तर देतोय. आधी शिव्या घालून घे. झाल्या? मग वाच. माझं बीपी गोळीवर आहे, आईचा गुडघा होता तसाच. तब्येतीचा विषय संपला.

गेल्या आठवड्यात मी तीन गाड्या चालवल्या. त्यात जे झालं ते विद्याला सांगितलं तर ती म्हणेल "बरं झालं", आणि राजन ते अख्ख्या सासुरवाडीत सांगत सुटेलच. उरलास तू.

म्युनिकला तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचं भांडण आठव. बीएमडब्ल्यूच्या त्या टॉवरखाली मान वर करून तू म्हणालास, "बघ, ज्यांच्या सहा सिलिंडरच्या आरत्या तू ओवाळतोस त्यांनी स्वतःचं मुख्यालय चार सिलिंडरचं बांधलंय." मी चिडलो, ट्रेनमध्ये तुझ्याशी बोललो नाही, आणि वहिनींनी केलेली साबुदाण्याची खिचडी रागानं दोनदा वाढून घेतली. ते भांडण आता तू जिंकलास असं वाटतंय. वाटतंय म्हणतो. पुढे वाच, लगेच नाचू नकोस.

झालं असं. इथल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे बीएमडब्ल्यूच्या दोन थ्री सीरीज आल्यात, एक डिझेलची ३२०-डी आणि एक पेट्रोलची ३३०-आय. आणि राजननं (हो, तोच, लग्नात तुझे बूट लपवणारा) एम-३४०-आय घेतली. अंग तेच, आठ गिअरचा ऑटोमॅटिक तिन्हींत. फरक नाकात, म्हणजे इंजिनात. मी ठरवलं, तिन्ही एकाच रस्त्यावर चालवायच्या. रस्ता कुठला ते तुला सांगायला नको. बोगदा, येवतेश्वरचा घाट, पेट्री, कास आणि परत.

पहिली डिझेल. सकाळी चालू केली तर बॉनेटखालून ती ओळखीची खडखड आली. पण काच वर केली की विसरायला होतं. १९० हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर. घाटात तिला विचारावं लागत नाही. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत सगळा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, हजर, पाय नुसता टेकवायचा आणि ती चढते, पाटलाच्या बैलासारखी. मात्र चार हजारच्या पुढे काही मागू नये. तिथं दम संपतो आणि गिअरबॉक्स गुपचूप वरचा गिअर टाकून विषय बदलतो. पुण्याला आठवड्यातून दोनदा जायचं असेल तर हिच्यासारखी गाडी नाही. चालवून उतरलो आणि मला भूक लागली, इतकंच.

दुसरी ३३०-आय. टॉर्क तोच, ४००. इथं तुझी थर्मोची वही आठवली, म्हणजे माझीच, तू परत न केलेली. टॉर्क सारखा, पण ही साडेसहा हजारांपर्यंत पळते, म्हणून २५८ हॉर्सपॉवर. डिझेल जिथं दम टाकतं तिथं हिला नुकती मजा यायला लागलेली असते. आणि नाक! सुध्या, ते नाक हलकं आहे रे. येवतेश्वरच्या दुसऱ्या हेअरपिनला, जिथं आपण दोघं पडलो होतो, तिथं स्टेअरिंग वळवलं आणि गाडी आधीच वळलेली होती. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे पुढच्या चाकांना वळण्याशिवाय काम नाही. वळणातून बाहेर पडताना मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून हलकेच ढकलतंय असं वाटतं. मी हसलो. एकटाच, मोठ्यानं. रस्त्यावरच्या एका बाईनं पोरगं जवळ ओढून घेतलं.

आवाज मात्र सामान्य. तिथं चार सिलिंडर ते चार सिलिंडरच.

आणि मग राजनची. तीन लिटर, एका रेषेत सहा सिलिंडर, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर. ज्यासाठी मी तीस वर्षं भांडलो ते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये तुला एटीकेटी लागली ती बॅलन्सिंगच्या याच प्रश्नावर, म्हणून पुन्हा शिकवतो: चार सिलिंडरात वर-खाली होणाऱ्या पिस्टनचं एक बल शिल्लक राहतं, क्रँकच्या दुप्पट वेगानं थरथरणारं, आणि ते मारायला वेगळे शाफ्ट फिरवावे लागतात. एका रेषेतले सहा एकमेकांचं परस्पर फेडून टाकतात. कुणाचं देणं राहत नाही. तो आवाज आणि ती मऊ धार याच हिशोबातून येते. गाडी उभ्यानं चालू असताना बॉनेटवर चहाचा कप ठेवला तरी लहर उठणार नाही. (राजननं ठेवू दिला नाही.)

घाटात ती जड वाटली. खोटं नाही बोलत. लांब इंजिन, वर चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, म्हणजे ३३०-आयपेक्षा जवळजवळ दोनशे किलो जास्त. वळण घेते, पकड तर अशी की ओल्या पॅचवरही भुवई हलत नाही, पण ती रस्त्याला आज्ञा करते. दुसरी रस्त्याशी बोलते. असं मी मनात म्हणालो आणि तेव्हाच मला संशय आला की मी आधीच बाजू घेऊन बसलोय.

कारण पुढे पठार लागलं. सरळ पट्टा, रस्ता रिकामा. राजन म्हणाला, "दाजी, दाबा आता." दाबलं. शून्य ते शंभर ४.४ सेकंद हे मी तुला किती वेळा पाठ म्हणून दाखवलंय! पण तो आकडा असतो रे, तो पोटात होत नाही. हे पोटात झालं. झाडं बाजूला सरकली नाहीत, ती फेकली गेली. तो आवाज, जो मी इतकी वर्षं व्हिडिओत ऐकला, तो ऐकायला मला सवडच मिळाली नाही. लांब वळणावर एसटीचं लाल टोक दिसलं आणि मी ब्रेक मारला. नुसता वेग कमी नाही केला, ब्रेक मारला. राजन पुढे आला, मग पोट धरून हसला. "दाजी, ती एसटी अजून पेट्रीत होती!"

हात थरथरत होते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय.

तू होतास ना त्याच रस्त्यावर? आपली यामाहा आरएक्स शंभर. ११ हॉर्सपॉवर, ड्रम ब्रेक, म्हणजे असून नसल्यासारखे, मागे तू, तुझ्या मागे पक्या, पाऊस, धुकं. पडलो, उठलो, हँडल पायात धरून सरळ केलं आणि कासलाच गेलो. परत नाही फिरलो. तेव्हा मला भीती का नाही वाटली? का वाटली होती आणि तुमच्यासमोर दाखवली नाही? खरं सांग, तू मागे बसला होतास, तुला माझी पाठ कळत असेल.

तेच डोक्यातून जात नाही. मला ३३०-आय आवडली ती खरंच चांगली आहे म्हणून, की राजनच्या गाडीनं घाबरवलं म्हणून? द्राक्षं आंबट हे कोल्ह्याला स्वतःला कधी कळतं का? विद्याला विचारलं तर म्हणते डिझेल घ्या, आणि तिचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच मी तिला नीट विचारत नाही. एक्सप्रेसवेला मर्यादा ताशी १०० ची. तिला १९० हॉर्सपॉवर पुरून उरतात, ३८७ चं काय लोणचं घालायचं? आणि तरी, रात्री अकराला पडल्या पडल्या कानात येतो तो सहाचाच आवाज. त्या चार सेकंदांत जो मी ऐकलाच नाही तो.

शिवाय एम-३४०-आय जुनी मिळाली तरी सईच्या फीच्या दोन वर्षांना भोक पडेल. ते मी शेवटी लिहितोय, यावरून माझी लायकी ओळख.

तुझं काय? नवी टीम कशी आहे, बर्फ पडलं का, चिरंजीवांचं मराठी कुठवर आलं? कंबरेचा पट्टा लावत जा, नुसता कपाटात ठेवू नकोस. वहिनींना नमस्कार. कंदी पेढे चुलतभावाबरोबर पाठवतोय, त्याच्यासमोरच मोज.

३३०-आयला अकरा हजार टोकन दिलंय. मंगळवारी संध्याकाळी पक्कं सांगायचंय, नाहीतर व्यापारी पैसे परत द्यायला महिना लावेल. फोन करू नकोस, विद्याला ऐकू जातं. लिही. आणि "तुझं मन काय म्हणतं" असलं काही लिहू नकोस. एकच लिही, त्या दिवशी घाटात माझी पाठ थरथरत होती का.

तुझा,
बाळ्या

ता. क. आरएक्सचा सायलेन्सर अजून आईकडे माळ्यावर आहे. परवा काढला, आत पालीची अंडी होती. परत ठेवून दिला.