आरोग्यमंत्री साहेब, तो डाग क्षयाचा नव्हता

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

माझ्या पत्नीच्या छातीत डावं फुप्फुस एका अनोळखी दात्याचं आहे आणि उजवं तिचं स्वतःचं. उजवं आयएलडीने, म्हणजे फुप्फुस कडक होत जाणाऱ्या आजाराने, कधीच निकामी झालेलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी ते तसंच ठेवून एकच बदललं. अनेकांचं असंच करतात. हे आधीच सांगतो, कारण गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात एवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

हिला ताप आला, खोकला लागला. केसपेपर काढला, छातीचा फोटो काढला. फोटोत उजवी बाजू पांढुरकी, आखडलेली, हृदय आणि श्वासनळी त्या बाजूला ओढलेली. हे असं शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच आहे. जुन्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड माझ्या पिशवीत होतं, पण रिपोर्ट लिहिणारे परगावी संगणकासमोर. त्यांच्यापर्यंत ना पेशंट पोचला, ना जुनी फिल्म. मागणीच्या कागदावर ‘ताप, खोकला’ एवढंच. त्यांनी लिहिलं, उजवीकडे कॉक्सची, म्हणजे क्षयाची, शंका. ओपीडीतल्या डॉक्टरांनी थुंकीच्या रिपोर्टची वाट न बघता एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, लिहून दिली. मी टॅक्रोलिमसचं पाकीट टेबलावर ठेवलं, तर म्हणाले, “तेही चालू ठेवा.”

साहेब, एकेटीत रिफाम्पिसिन असतं. त्याने यकृत टॅक्रोलिमसचा इतक्या झपाट्याने फडशा पाडतं की ते रक्तात टिकतच नाही. आणि परकं फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर घ्यायची गोळी तीच. हिने ती वेळेवर घेतली, घड्याळ लावून घेतली, आणि तिचा उपयोग शून्य. ताप तर आपोआप उतरला होता, पावसाळ्यातला असावा. पण घरच्या स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकर मोजायच्या यंत्रावर, आकडा रोज खाली यायला लागला, तेव्हा मी चेन्नईला फोन लावला. पलीकडच्या कोऑर्डिनेटर बाई रिफाम्पिसिनचं नाव ऐकताच अक्षरशः ओरडल्या. त्याच रात्री गाडी करून निघालो. रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तळाला गेलेली, बायोप्सीत रिजेक्शन, मग शिरेतून स्टिरॉइड. क्षयाचा जंतू एकाही नमुन्यात सापडला नाही. गेलेला दम पूर्ण भरून आलेला नाही, आणि येईल असं कुणी म्हणतही नाही.

मी एसटीतला निवृत्त लेखनिक. तरी हिच्यामुळे मला या फोटोंबद्दल जे कळलं, ते तुमच्या यंत्रणेला कळायला काय हरकत आहे? शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत नवं फुप्फुस पांढरं दिसू लागलं, तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सोबत धरून ० ते ३ अशी श्रेणी देतात. पुढे तोच पांढरेपणा रिजेक्शनचा असू शकतो, सीएमव्ही नावाच्या विषाणूचा, बुरशीचा, आणि हो, क्षयाचाही. नुसत्या फोटोवरून हे वेगळं काढता येत नाही. याहून वाईट म्हणजे रिजेक्शन चालू असताना फोटो चक्क स्वच्छ येऊ शकतो. जुनाट रिजेक्शनच्या नेहमीच्या प्रकारात पेशंटला धाप लागते आणि फिल्म बिनडाग. ते पकडायचं फुंकर मारायच्या चाचणीवर, ताकद २० टक्क्यांनी घटली की. एम्फिसीमाच्या, म्हणजे फुप्फुस फुगत जाणाऱ्या आजाराच्या, पेशंटचं एकच बदललं असेल तर उलटाच प्रकार, जुनं फुप्फुस फुगून नव्याला दाबतं. म्हणून आधीची फिल्म शेजारी लावून काय बदललं एवढं बघायचं असतं. आमच्या फोटोत बदललेलं काहीच नव्हतं. डाग जुन्याच फुप्फुसात होता, आणि दात्याच्या फुप्फुसाबद्दल त्या रिपोर्टमध्ये एक शब्द नाही.

शेत विकलं, साहेब. ५ लाखांच्या विमा कवचाचे फलक मीही वाचतो. आमचा खर्च २५ लाखांच्या पुढे गेला. मुलीचं लग्न लांबलं. चेन्नईत भाड्याच्या खोलीत मी भात शिजवत होतो आणि दाराशी चप्पल वाजली तरी दचकत होतो, कुणी खोकला घेऊन आलं की काय म्हणून. माझी साखर वाढली ती वाढलीच. आता ही रात्री कूस बदलते तरी मी उठून बोटाला ऑक्सिमीटर लावतो. चिडते ती. म्हणते, मला झोपू तरी द्या.

३ ऑगस्टला अवयवदान दिनाचे सत्कार होतात. ग्रीन कॉरिडॉरची बातमी झळकते, पोलिसांच्या गाड्या, घड्याळाशी शर्यत. ते फुप्फुस पुढच्या वर्षी कोणत्या तालुक्यात श्वास घेतंय, याची फिकीर कुणाला? जगभरच्या नोंदी सांगतात की निम्मे रुग्ण जेमतेम सहा-सात वर्षं काढतात. त्यातली काही आमच्या रुग्णालयांनी परस्पर कापली, तर ती कुठल्या रकान्यात भरता?

क्षयमुक्त भारत २०२५ पर्यंत होणार होता. जगातला दर चौथा क्षयरोगी अजून इथलाच आहे. मग गावोगाव हातातली एक्स-रे यंत्रं आणि एआय. छान आहे. पण ती गर्दीतून संशयित चाळायला बनवलेली. हिच्यासारखी छाती पुढे आली की ती काय सांगणार, ते सांगायला ज्योतिषी नको. यंत्राच्या उद्घाटनाची संगमरवरी पाटी मी रिपोर्टची वाट बघताना वाचून पाठ केली आहे. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांचं पद मात्र रिकामं. कंत्राटावर यंत्र, कंत्राटावर रिपोर्ट, आता पेशंटही कंत्राटावर घ्या.

मागणं फार नाही. मागणीच्या कागदावर ‘प्रत्यारोपण झालं आहे का’ असा एक रकाना छापा. जुनी फिल्म नव्यासोबत पाठवणं सक्तीचं करा. अशा रुग्णाचा फोटो प्रत्यारोपण केंद्रातल्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकेटी सुरू होऊ नये. सरकारी बैठका रोज व्हिडिओवर होतात, एक फिल्म का जाऊ नये? टॅक्रोलिमसची लेव्हल निदान विभागाच्या ठिकाणी मोफत व्हावी. आणि ज्या दिवशी ती एकेटी लिहिली गेली त्या दिवसाची चौकशी करा. त्या तरुण डॉक्टरला बळीचा बकरा करू नका. ओपीडीत त्यांच्यासमोर दारापर्यंत रांग होती.

‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ हे छापील उत्तर कृपया पाठवू नये. त्याच्या प्रती माझ्याकडे आहेत.

आपला,
एका रुग्णाचा नवरा