शिक्षणमंत्री महोदय, गणिताच्या तासाची पहिली दहा मिनिटं आमच्यावर सोडा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

दापोली तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत मी सहावीला गणित शिकवते. टाचणवहीत, म्हणजे पाठाची आखणी आधी लिहायच्या वहीत, प्रस्तावना (तासाची सुरुवात कशी करणार) आणि हेतुकथन (आज काय शिकणार) लिहावं लागतं. ‘मुलांनो, आज आपण अपूर्णांकांचा गुणाकार शिकणार आहोत.’ हे ऐकलं की मागचा बाक खिडकीबाहेर बघायला लागतो.

एके दिवशी ते म्हटलंच नाही. विचारलं, “आज भरती किती वाजता?”

होडीवाल्याचा मुलगा ताडकन म्हणाला, “आज चौथ, बाई. तीनला.”

“कसं काढलंस?”

“आजा सांगतो, तिथीची पाऊणपट.”

किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. गुणाकार मुलांनीच फळ्यावर मांडले; पुस्तकं दप्तरातच होती.

मग एक मुलगी अडली. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता? रोज पाऊण तास सरकणारी भरती त्या दिवशी दीड तास कशी सरकेल? (इतकी वर्षं आडाखा ऐकून मला हे सुचलं नव्हतं.) फळ्यावर हिशेब केला. पंधरा तिथींत भरती साधारण बारा तास पुढे जाते. ७२० भागिले १५, म्हणजे ४८ मिनिटं. आडाखा ४५च धरतो. तिथीमागे तीन मिनिटं गळतात, पंधरवड्यात त्यांचा पाऊण तास होतो. तोच तो चुकलेला पाऊण तास!

नेमके तपासणीला आलेले साहेब मागे बसले होते. शेरा मिळाला, ‘प्रस्तावना टाचणाप्रमाणे नाही.’ खरंच नव्हती. पण त्या मुलीचा प्रश्न आदल्या रात्री मी वहीत कुठून लिहिणार?

म्हणून विनंती, प्रस्तावना तास झाल्यावर लिहायची मुभा द्या. आणखी एक. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, होडीवाले जाळी सांधत घरी असतात. शाळा जूनच्या मध्यात उघडते. त्या दीड महिन्यात त्यांना वर्गात बोलावता येईल, अशी एक ओळ परिपत्रकात घाला. मासळीचे वाटे घालणाऱ्या बायकांनाही बोलवू. भागाकार त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.

आमच्या त्या मुलाचा आजा तयार आहे. फक्त तीज-चौथेला सकाळी नको म्हणतो. आठ-नऊला ओहोटी असते, तेव्हा तो खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जातो.

आपली,
एक शिक्षिका