साहेब, भजनी मंडळ चालतं, मग संघटना का नाही?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, ३४ वर्षं खाकी घातली आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना हे पत्र लिहायची छाती झाली नसती, हे आधीच कबूल करतो.

१९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आपल्याला माहीतच आहे. परवानगीशिवाय कामगार संघटनेत गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक संस्थेला मात्र मोकळीक आहे. म्हणजे शिपायाने भजनी मंडळात टाळ वाजवावेत, लाईनीतल्या क्रिकेट टीमचा कप्तान व्हावं. चार जणांनी मिळून साप्ताहिक सुट्टीबद्दल अर्ज लिहिला, की तो बेशिस्त. आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे, तिच्यामुळे शिस्त बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्यासाठी दरबार आहे, म्हणजे वरिष्ठ साहेबांनी अंमलदारांच्या अडचणी ऐकायची बैठक, असं सांगितलं जातं. दरबारात नाव पुकारलं की सावधानमध्ये उभं राहायचं, बक्कल नंबर सांगायचा आणि अडचण मांडायची. अडचण ज्याच्याबद्दल असते तो अधिकारी बहुधा साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीत असतो. एकदा एका पोराने सलग पाच आठवडे सुट्टी रद्द झाल्याचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, ‘नोंद घ्या’ म्हणाले. नोंद झाली. पुढचा महिनाभर त्याला रात्रपाळी लागली. त्यानंतरच्या दरबारात ‘कोणाला काही अडचण?’ असं विचारल्यावर सगळी रांग एका सुरात ‘नाही सर’ म्हणाली.

दुसरं, निलंबन. माझ्या एका सहकाऱ्याचा वीस-एक सेकंदांचा व्हिडिओ दुपारी मोबाइलवर फिरला आणि संध्याकाळी हातात आदेश पडला. पगार निम्म्यावर आला, मुख्यालयातली हजेरी मात्र रोजची. विभागीय चौकशी चौदा महिने चालली आणि त्यात तो निर्दोष सुटला. तेवढ्या काळात पोरीची फी, घराचा हप्ता त्याने कसा भागवला, ते त्यालाच ठाऊक. प्रसंग घडला तेव्हा आम्ही तिघं तिथं होतो. त्याच्या बाजूने लेखी जबाब एकानेही दिला नाही. मीही नाही. पाठीशी कोणी उभं असतं तर दिला असता का? असं वाटतं, पण आता ते बोलणं सोपं आहे.

संघटना म्हटलं की मंत्रालयात १९८२ ची आठवण निघते. त्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. ते चुकीचं होतं. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला संपाचा हक्क असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण संप नको म्हणून तोंडही नको, हा न्याय कुठला? ब्रिटनमध्ये १९१८ आणि १९१९ ला पोलिसांचे संप झाले. सरकारने संपावर बंदी घातली, पण त्याच १९१९ च्या कायद्याने पोलीस फेडरेशनही उभं केलं. लांब कशाला, केरळात पोलीस असोसिएशन आहे, तिचे प्रतिनिधी निवडून येतात, सरकारशी बोलतात. तिथली ठाणी काही बंद पडलेली नाहीत.

संघटना दोषींना पाठीशी घालेल ही भीती मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या काही शहरांत पोलीस युनियननी करारांतून शिस्तीच्या कारवाईलाच अडथळे घातले. म्हणून आपल्याकडे नियमच असा करा, की कोठडीतली मारहाण, लाच, नागरिकांच्या तक्रारी यांवर संघटनेने वाटाघाट करायची नाही. तिने बोलावं ते ड्युटीचे तास, रजा, क्वार्टरचं गळतं छप्पर, बदल्या आणि चौकशीची मुदत यांवर. कायद्यानुसार पोलीस चोवीस तास ड्युटीवरच समजला जातो, त्यामुळे तास हा विषय सगळ्यात आधी. देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो आराखडा एका साध्या अंमलदाराने मांडला होता. तेव्हा वरिष्ठांनी ऐकून घेतलं, हे त्याचं नशीब. असे किती कागद लॉकरमध्येच राहिले असतील?

१९६६ च्या कायद्यातच ‘परवानगीशिवाय’ असा शब्द आहे. म्हणजे परवानगी देता येते. शिपायापासून सहाय्यक फौजदारापर्यंतच्या अंमलदारांची, गुप्त मतदानाने निवडलेली, संपाचा हक्क नसलेली संघटना मान्य करा. केंद्राची मंजुरी लागणार असेल तर राज्याने प्रस्ताव पाठवावा. आणि निलंबिताची चौकशी सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर त्याला कामावर घ्यावं, एवढा नियम तरी करा.

माझा पुतण्या दलात आहे. या पत्राखाली त्यालाही सही करायची होती. मी करू दिली नाही.

आपला,
एक निवृत्त सहाय्यक फौजदार